तानुबाईची भवानी

शेषराव अमरावतीच्या कॉलेजात प्रोफेसर झाला, तेव्हा त्याच्या आईने, मनकर्णाबाईने, त्याला एकच प्रश्न विचारला. "पोरायले शिकवतं तरी काय तू?"

"बाजारात माल कसा विकल्या जाते ते. गिऱ्हाईक एकीपाशी काहून थांबते अन् दुसरीपाशी काहून थांबत नाई, ते."

मनकर्णाबाई अकोल्याच्या भाजीबाजारात तीस वर्षं बसत होती. मोर्णा नदीच्या काठचा आपला मळा, त्यातली भाजी, आणि बाजारातली हातभर जागा एवढाच तिचा संसार. लेकाचं उत्तर ऐकून ती अशी हसली, की डोक्यावरची टोपली खाली उतरवून तिला बसावं लागलं.

"अन् हे आयकाले पोरं फी भरते?"

"भरते."

"अन् सरकार तुले पगार देते?"

"देते ना, माय."

"बाप्पा! मंग माह्या तीस वर्षांचा पगार कोन खाल्ला?"

हा किस्सा तिने पुढे आठ दिवस सगळ्या बाजाराला सांगितला. थट्टा केली ती केली, पण अभिमान काही लपत नव्हता. वकिलांच्या, मामलेदारांच्या बायका भाजीला आल्या की वांगी तोलून पिशवीत पडली रे पडली, की ती हळूच सांगे, "माहा लेक अमरावतीले प्रोफेसर हाय." तोलायच्या आधी मात्र कधी नाही. आधी सांगितलं तर गिऱ्हाईक भाव करायला लाजतं, आणि एकदा लाजलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, हे तिला कुठल्या पुस्तकात वाचावं लागलं नव्हतं.

शेषरावला मात्र ते पुस्तकातच लिहायचं होतं, आणि इथेच त्याचं घोडं पेंड खात होतं. अडतीस सालची ही गोष्ट. वऱ्हाडात तेव्हा अर्थशास्त्र म्हणजे कापूस. ज्याला त्याला कापसावर लिहायचं असे. जिनिंग, दलाल, मुंबईचे भाव, झालं. शेषरावने डॉक्टरेटसाठी विषय घेतला भाजीबाजाराचा. कॉलेजातल्या विद्वानांनी नाकं मुरडली आणि त्याचं नाव 'वांगेशास्त्री' ठेवलं. ठेवोत बापडे. ज्यांनी जन्मात कधी मेथीची जुडी निवडून घेतली नाही, त्यांच्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची?

तीन वर्षं शेषराव सुट्टीचा प्रत्येक दिवस बाजारात घालवत होता. अकोला, अमरावती, तिवसा, नांदगाव खंडेश्वर, एकही आठवडी बाजार त्याने सोडला नाही. तिवशाला पहिल्याच दिवशी वही काढून उभा राहिला, तर बायकांना वाटलं कराचा माणूस आला. दहा मिनिटांत सगळ्या जणी टोपल्या उचलून पसार! तेव्हापासून तो वही कोटाच्या आत ठेवी, शेरभर कांदे हातात घेऊन गिऱ्हाइकासारखा फिरे आणि झाडामागे जाऊन टिपून घेई. मोठ्या ढिगापेक्षा लहान ढिगापाशी गिऱ्हाईक जास्त का थांबतं, वरून टाकलेली मूठभर मिरची माणसाला पुन्हा कशी ओढून आणते, असं पुष्कळ त्याला सापडलं. पण खरा जीव होता तो चौथ्या प्रकरणात.

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. ती झाली म्हणजे दिवस मार्गी लागला असं बाजारातली प्रत्येक बाई मानते. अकोल्याच्या बाजारात त्याची आई बसे त्या ओळीत एक रीत होती. आपली भवानी झाली असेल आणि शेजारणीची झाली नसेल, तर समोर आलेलं गिऱ्हाईक बाई आपणहून तिच्याकडे पाठवी. "माही झाली, तिच्यापाशी घ्या." बस, एवढंच. शेषराव या रीतीतच वाढला होता, म्हणून इतकी वर्षं ती त्याला दिसलीच नव्हती. मग एक दिवस कॉलेजात तो इंग्रजी ग्रंथ वाचत बसला होता. विक्रेता हा प्रत्येक गिऱ्हाइकासाठी दुसऱ्या विक्रेत्याशी झगडत असतो, असं त्यात ठासून लिहिलेलं. शेषरावने ग्रंथ मिटला. आपल्या आईला जे ठाऊक आहे ते या माणसाला ठाऊक नाही, हे लक्षात आलं आणि त्याची छाती भरून आली. त्याच आठवड्यात त्याने चौथं प्रकरण लिहायला घेतलं.

प्रबंध गेला परीक्षकाकडे. परीक्षक पुण्याचे डॉक्टर पाळंदे. विलायतेत शिकलेले, आणि विद्यार्थ्यांना उभं सोलणारे म्हणून नावाजलेले. त्यांचं पत्र आलं. अक्षर मोत्यासारखं, मजकूर कारल्यासारखा. 'विक्रेता आलेले गिऱ्हाईक स्वखुशीने प्रतिस्पर्ध्याकडे पाठवितो, हे विधान पटण्याजोगे नाही. एक तर आपले निरीक्षण चुकीचे असावे, किंवा ही नात्यागोत्यातील परतफेड असावी. बहिणीने बहिणीस गिऱ्हाईक देणे याला बाजाराचा नियम म्हणता येत नाही. हे प्रकरण वगळल्यास प्रबंधात भाजीच्या भावांच्या याद्यांपलीकडे फारसे उरत नाही. नागपुरास दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेसाठी जाताना शुक्रवारी अकोल्यास उतरेन. प्रत्यक्ष पाहिले तरच मानीन.'

शेषरावने पत्र पुन्हा एकदा वाचलं. पदवी मिळाली तर कॉलेजात व्यापाराचा नवा वर्ग निघणार होता आणि तो त्याच्याकडे येणार होता. पण खरं सांगायचं तर त्याला पदवीपेक्षाही जास्त बोचलं ते 'निरीक्षण चुकीचे असावे' हे वाक्य. निरीक्षण त्याचं होतं, पण रीत त्याच्या आईची होती. तिला कोणीतरी खोटं म्हणत होतं.

गुरुवारी तो अकोल्याला आला. साहेब काय बघायला येतोय हे आईला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर लेकासाठी तिने सकाळपासून एकूण एक गिऱ्हाईक दुसऱ्यांकडे ढकललं असतं, आणि मग ते पाहण्यात काय अर्थ राहिला? म्हणून तो एवढंच म्हणाला, "उद्या पुन्याचे एक मोठे सायेब बाजार पाहाले येऊन राहिले. तू काही करू नको. रोजच्यासारखी बस."

लग्नघरी जाऊन 'रोजच्यासारखे राहा' म्हणावं, तसंच हे. प्रोफेसर झाला तरी एवढं त्याला कळलं नाही.

शुक्रवारी सकाळी पाळंदे गाडीतून उतरले. काटकुळा बांधा, राखाडी कोट, हातात छत्री, नजर सुईसारखी. वागण्याबोलण्यात मात्र अतिशय सौजन्य. टांगा बाजाराच्या तोंडाशी थांबला आणि समोरून शेषरावचा धाकटा भाऊ सहदेव आला. त्याच्या खांद्यावर भलंमोठं पोतं होतं आणि त्यातून सांबार, म्हणजे पुण्याची कोथिंबीर, बाहेर डोकावत होती.

"हे काय रे?" शेषरावने बाजूला घेऊन विचारलं.

सहदेवच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. "मायनं सांगतलं, पुन्याचा सायेब येते तं एकही जागा बिनभवानीची दिसाले नाई पायजे. काल तिनं सगळ्या ओळीले सांगून ठेवलं होतं. मी झुंजूमुंजूलेच आलो अन् सगळ्यायची भवानी करून टाकली. सव्वीस जनी, सव्वीस जुड्या. आता इतक्या सांबाराचं काय करू, ते सांग."

 शेषरावची तीन वर्षांची मेहनत सव्वीस जुड्या कोथिंबिरीत गेली होती. जिची भवानी व्हायची आहे अशी एकही बाई बाजारात उरली नव्हती. मग गिऱ्हाईक कोण कोणाकडे पाठवणार? आणि हे सगळं केलं कोणी, तर त्याच्या आईने, लेकाची मान उंच राहावी म्हणून!

पुढचा तासभर त्याने कसा काढला हे त्याचं त्यालाच ठाऊक. बाजार नुसता झळकत होता. वांगी पुसलेली, मेथीवर पाणी शिंपडलेलं, बायका ठेवणीतली लुगडी नेसून बसलेल्या. आणि प्रत्येक बाई गिऱ्हाईक आपल्याकडे ओढत होती. "इकडं या बाई!" "तिकडं कुठं चालले, पाटील?" पाळंदे छत्री टेकत, शांतपणे, वरून खाली आणि खालून वर ओळ चालले. मग थांबले.

"शेषराव, ग्रंथात लिहिलंय तसाच बाजार दिसतोय हा."

शेषरावने जे घडलं ते सांगून टाकलं. पोत्यासकट सगळं सांगितलं. पाळंदे हसले नाहीत.

"पुराव्याच्या दिवशीच पुरावा नाहीसा होणं, हे परीक्षकाला फार वेळा ऐकावं लागतं," ते म्हणाले. "तुम्ही मेहनती आहात. पण चौथं प्रकरण मला मान्य करता येणार नाही."

 शेषराव त्यांना घेऊन ओळीच्या मध्यावर आला आणि मान ताठ ठेवून म्हणाला, "सर, ही माझी आई."

मनकर्णाबाईने हिरवंगार लुगडं नेसलं होतं. तिच्यापुढे ओल्या फडक्याखाली जांब होते. पुण्याला त्यांना पेरू म्हणतात. काल झाडावरून एकेक निवडून तोडलेले, एकही डाग नसलेले. सकाळपासून तिने त्यातला एकही विकला नव्हता. बाकी भाजी विकली, पण जांब साहेबासाठी ठेवले होते.

तेवढ्यात ओळीत तानुबाई येऊन बसली. नदीपलीकडून येते ती, आणि त्या दिवशी तिला उशीर झाला होता. विधवा बाई, ना मूल ना बाळ, एकटीच्या जिवावर चार वाफे पिकवणारी. तिने धापा टाकत डोक्यावरची टोपली उतरवली, पोतं अंथरलं आणि दोडके मांडायला लागली. मनकर्णाबाईचं आणि तिचं तीन वर्षांपासून बोलणं नव्हतं. वकिलीणबाईंसमोर ती मनकर्णाबाईच्या दोडक्याला कडू म्हणाली होती, आणि असल्या गोष्टी बाजारात कोणी विसरत नसतं. साहेब येणार असल्याचं मनकर्णाबाईने काल साऱ्या ओळीला सांगितलं ते तिला वगळून. सव्वीस जणींमध्ये तानुबाई नव्हती.

पाळंदे वाकून म्हणाले, "बाई, अर्धा शेर पेरू द्या."

मनकर्णाबाईचा चेहरा फुलून गेला. तिने फडकं बाजूला केलं, सगळ्यांत मोठा जांब उचलला, आणि तिची नजर सहज ओळीत गेली. तानुबाईने पहिला दोडका नुकता पोत्यावर ठेवला होता. मनकर्णाबाईचा हात तिथेच थांबला.

तिने जांब टोपलीत परत ठेवला. फडकं वर ओढलं. "सायेब," ती कशीबशी म्हणाली, "माह्या हातचं मंग घ्या. आधी त्या बाईपाशी काही घ्या. तिची भवानी व्हाची हाय."

बोलली खरी, पण एखाद्याने जेवणाच्या ताटावरून उठवावं तसं तिचं तोंड झालं होतं.  पाळंदे हळूच सरळ झाले.

"ती बाई तुमची बहीण आहे का?"

"भयीन?" मनकर्णाबाई उसळली. "अवो, तोंड पायत नाई मी तिचं!"

"मग गिऱ्हाईक तिला कशाला देता?"

या शिकलेल्या माणसाला एवढंही कळू नये, याची तिला मनापासून कीव आली. "सायेब, भांडन तिचं-माह्यं हाय. भवानीनं काय केलं? बाई उन्हातून आली, टोपली उतरवली, अन् तिच्या डोयासमोरून पयलं गिऱ्हाईक माह्यापाशी घेऊन गेलं, तं तिनं दिवसभर कोन्या तोंडानं बसावं? गिऱ्हाईक काही माह्या बापाचं नाई. बाजाराचं हाय."

पाळंद्यांनी शेषरावकडे रोखून पाहिलं. "तुम्ही यांना शिकवून ठेवलंय?"

शेषरावला उत्तर द्यायची वेळच आली नाही. तानुबाईने सगळं ऐकलं होतं आणि ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली होती.

"मले नाई पायजे तिनं धाडलेलं गिऱ्हाईक! मी काय भीक मांगाले बसली?"

"नको घेऊ! मी तुह्यासाठी नाई धाडलं!"

"मंग कोनासाठी धाडलं वं?"

"बाजारासाठी!"

"मोठी आली बाजाराची मालकीन! कडू दोडक्याची!"

"कडू? माहा दोडका कडू? सायेब, तुमीच खाऊन सांगा, कोनाचा कडू हाय ते!"

पण भवानीचं गिऱ्हाईक समोर उभं होतं, आणि त्याला परत पाठवणं तानुबाईच्याही हातात नव्हतं. ती एकीकडे मनकर्णाबाईच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती आणि दुसरीकडे साहेबासाठी दोडके तोलत होती. तोल सरळ होता. वर एक दोडका जास्तीचाही टाकला. पाळंद्यांनी दिलेला आणा तिने कपाळाला लावला, तेवढ्यापुरती गप्प झाली, डोळे मिटले, आणि डोळे उघडल्याबरोबर पुन्हा भांडणाला लागली. आजूबाजूच्या बायका पोट धरून हसत होत्या. पाळंदे रुमालात दोडके बांधून त्या दोघींच्या मधोमध उभे होते, आणि इतक्या वेळात पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली हसू आलं.

"आता या, सायेब," मनकर्णाबाई दम खात म्हणाली. "आता जांब घ्या."

पाळंद्यांनी घड्याळ काढलं. गाडीला वीसच मिनिटं होती. त्यांनी हात जोडले आणि टांग्याकडे निघाले. मनकर्णाबाई जांब हातात घेऊन तशीच उभी राहिली.

 स्टेशनवर टांग्यातून उतरता उतरता पाळंदे म्हणाले, "हे भांडण जर तुम्ही बसवलेलं असेल, तर तुम्हाला पदवी अर्थशास्त्रात नाही, नाट्यशास्त्रात द्यावी लागेल. ते चौथं प्रकरण आहे ना?"

"हो, सर."

"पहिलं करा."

गाडी गेली तरी शेषराव फलाटावर उभा होता. पदवी मिळणार याचा आनंद होताच. पण त्याहून मोठं काहीतरी त्याच्या हाती लागलं होतं. विलायतेत शिकलेल्या माणसासमोर त्याच्या आईने जे पाच वाक्यांत सांगितलं, ते त्याला साठ पानांत सांगता आलं नव्हतं. आपण कोणाचे लेक आहोत याचा इतका अभिमान त्याला याआधी कधी वाटला नव्हता.

संध्याकाळी मळ्यातल्या घरी मनकर्णाबाई चुलीपुढे पाठ करून बसली होती. जांबांची टोपली तशीच कोपऱ्यात होती.

"केलं ना माह्या हातानं वाटोळं?" ती न वळता म्हणाली. "एकेक जांब निवडून ठेवला. सायेब माह्यापुढं उभा, अन् मी त्याले त्या तानीपाशी धाडलं. तुहं काम बिघडलं असन."

"माय, तेच पाहाले तो आला होता."

ती वळली. "काय पाहाले?"

"एक बाई आपलं गिऱ्हाईक दुसरीले देते, ते. पुस्तकात कोठीच लिहेल नाई ते. मी लिहिलं, तं त्याले खरं वाटत नव्हतं."

मनकर्णाबाईने त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. लेक थट्टा तर करत नाही ना, याची खात्री केली. "एवढ्यासाठी तो पुन्याहून आला? मले चिठ्ठी धाडली असती तं मी अंगठा देल्ला असता."

शेषराव हसता हसता तिच्याजवळ बसला. आता पदवी मिळेल, प्रबंधाचं पुस्तक छापलं जाईल, सगळं त्याने सांगितलं. "अन् पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुह्यं नाव टाकतो, माय. हे पुस्तक तुले दिलं असं."

तिने चुलीत लाकूड सरकवलं. 

"माह्यं कायले? तुह्यं नाव घेतलं का लोक इचारते, कोनाचा रे हा? तवा माह्यं नाव निघतेच. तिचं कोन घेईन? तिले ना लेक, ना लेकरू. तिचं टाक."

"तानुबाईचं? माय, तू तं तिच्याशी बोलत नाई!"

"तुले कोनी बोलाले सांगतलं? लिवाले सांगतलं."

पुस्तक दोन वर्षांनी अमरावतीला छापून आलं. पहिल्या पानावर 'अकोल्याच्या भाजीबाजारातील तानुबाई हिस' असं ठसठशीत अक्षरात होतं. या तानुबाई कोण विदुषी, अशी कॉलेजात बरीच चौकशी झाली, आणि वांगेशास्त्र्यांनी प्रत्येकाला ती कोण ते उभं राहून सांगितलं.

पहिली प्रत त्याने आईच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात मनकर्णाबाई उठली, दोन जागा पलीकडे गेली, पुस्तकाचं ते पान उघडून तानुबाईच्या पोत्यावर ठेवलं आणि एक अक्षर न बोलता आपल्या जागेवर येऊन बसली. तानुबाईला वाचता येत नव्हतं. तिने भाजीला आलेल्या वकिलीणबाईंना ते वाचायला लावलं. आपलं नाव ऐकून तिला खरं वाटेना, म्हणून पुन्हा वाचायला लावलं, आणि मग पुन्हा. तिसऱ्यांदा ऐकल्यावर तिने पदर डोळ्यांना लावला.

मनकर्णाबाईने ते पाहिलं. मान वळवली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "माह्या लेकानं लिवलं ते."